रहेमानचाचानं दगडानं बकरा सोलला

रहेमान टाकीवाला गल्लीत शिरला की आधी त्याची सायकल कुरकुरायची आणि मागून आवाज यायचा. "टाकीऽऽ! पाट्याला टाकीऽऽ! जात्याला टाकीऽऽ!"

कादवेच्या काठानं दिंडोरीपासून वर डोंगराच्या पायथ्यापर्यंत जेवढी गावं आहेत तेवढ्या गावांतल्या बाया या आवाजाला दारात पाटे आणून ठेवायच्या. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाय, नुसती इकडून तिकडं पळते. मग चाचा पाटा जमिनीवर मांडायचा, समोर उकिडवा बसायचा, छिन्नी उभी धरायचा आणि हातोडीनं बारीक बारीक ठोके टाकत जायचा. ठिपक्याला लागून ठिपका. पाटा उठला की त्यावर हात फिरवून बघा, मांजराच्या जिभेसारखा. आमच्या टेकवाडीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, टाकी रहेमानचीच. दुसरा कुणी लावायचा त्याची कच आठ दिवस भाकरीबरोबर दाताखाली यायची.

मग घरोघर मिक्सर आले. खुद्द चाचाच्या घरात आला. त्याचा थोरला पोरगा इमरान नाशकात गंगापूर रोडला ग्रॅनाइटच्या दुकानात आहे, ओटे बसवून देतो. त्यानं आईला मिक्सर आणून दिला. टाकीवाल्याच्या घरात मिक्सर गरागरा फिरतो याला गाव लय दिवस हसत होतं. इमरान बापाला म्हणायचा, "अब्बा, या आता दुकानात. खुर्ची टाकून देतो, गिऱ्हाइकाला बसल्या बसल्या दगड दाखवा." चाचा नाय म्हणायचा. कारण एवढंच, की वर्षातून एकदा गावाला त्याच्यावाचून चालत नव्हतं.

ते एकदा म्हणजे पिराचा उरूस. द्राक्षं बागेतून उतरली की आमच्याकडं उरूस भरतो आणि उरसाला कंदुरी होते. बकरा पिराच्या नावाचा, नवस निम्म्या गावाचे आणि रस्सा सगळ्यांचा. त्या कंदुरीचा मसाला मिक्सरमधून काढायचा नाय, पाट्यावरच वाटायचा, असा रिवाज आहे. कुणी घातला, कधी घातला, कुणाला ठाऊक नाय. पण मोडायची छाती कुणाची होत नाय. त्यामुळं उरसाच्या आधी घराघरातले पाटे, कोणाचा मोरीतला, कोणाचा गोठ्यातला, उचलून चाचाच्या अंगणात यायचे. तेवढे दिवस रहेमान टाकीवाला पुन्हा टाकीवाला व्हायचा.

आणि हेच त्यानं एका दुपारी पारावर बसून पैजेला लावलं.

झालं होतं असं. दिवाळीच्या तोंडावर चंदर गांगुर्ड्यानं नदीकडच्या वावरात शेततळं खोदायला घेतलं. जेसीबीनं काळी माती काढली, खालचा पिवळा गाळ काढला, त्याच्या खाली गोट्यांचा थर लागला. चंदरची बायको मंगलाबाई, तिनं त्यातला एक दगड उचलून घरी नेला. हातात बसायला बरा होता म्हणून सुकट कुटायला. तो दगड तिच्या उंबऱ्यापाशी तेजल मॅडमनं पाहिला. या तेजल मॅडम नाशकाच्या कॉलेजात जुन्या काळाचं शिकवतात आणि नदीच्या दरडी बघत फिरतात. त्या दिवशी पाणी प्यायला म्हणून थांबल्या होत्या. पाणी राहिलं बाजूला. बाई दगड घेऊन तिथंच ओसरीवर बसल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी असे दहा-बारा दगड गोणपाटावर मांडून पारावर गावाला दाखवले. तळहातभर लांब, आंब्याच्या कोयीच्या आकाराचे, एका टोकाला निमुळते, दुसऱ्या टोकाला हातात बसेल असे गोल.

"हे माणसांनी घडवलेत," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं, साधं मडकं नव्हतं. लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नक्की किती लाख ते मातीची तपासणी झाल्यावर कळेल. आपल्यासारखी माणसं व्हायच्याही आधीची माणसं ती."

"लाखो?" चंदर म्हणाला. "मंग माझ्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव तर नाय ना लागायचं?"

गाव हसलं. रहेमानचाचानं मात्र एक दगड उचलला, नखानं वाजवला, कानाशी नेला. मग उलटासुलटा करून खाली ठेवला.

"दगड चांगला हाय," तो म्हणाला. "आत भेग नाय, पोकळ नाय. पन बाई, ह्याला घडवला म्हनू नका. ह्यो फोडलाय. ना सरळ कड, ना सपाट अंग. असलं काम मी पहिल्या दिशी केलं असतं तर बापानं भाकर दिली नसती."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी आपला डावा अंगठा पुढं केला. नख काळंनिळं. "मी किती दिवस एक करायचा प्रयत्न करतेय चाचा. जमत नाही. तुम्ही करून दाखवा, माझ्यावर उपकार होतील."

"त्यात काय!"

बाजूला नौशाद मुलानी बसला होता. गावचा बकरा कापायचा, सोलायचा मान त्याचा. जिभेलाही सुरीसारखीच धार. "करशील रे चाचा," तो म्हणाला, "पन करून त्यानं कापशील काय? कलिंगड?"

पार नुसता खदखदला. विमलाबाई पाटलीण तर पदर तोंडात कोंबून हसली. आणि चाचाचं डोकं फिरलं.

"कलिंगड नाय," तो उभा राहून म्हणाला. "औंदा कंदुरीचा बकरा मी असल्या दगडानं सोलनार. तू हलाल कर, तुझा मान तुला. पुढलं सगळं माझं. लोखंडाला बोट लावनार नाय. आन नाय जमलं तर हातोडी-छिन्न्या भंगारवाल्याच्या पोत्यात. पुन्हा ह्या गावात टाकी म्हनून तोंड उघडायचो नाय."

बोलून बसला. बोलायचं होतं त्यापेक्षा जास्त बोललो हे त्याच्या तोंडावर लगेच दिसलं. ती हातोडी त्याच्या बापाची होती. पण पारावर बोललेलं परत घेता येत नाय.

घरी नसीमचाचीनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आरोळी नाय द्यायचा म्हनं! आता तरी आरोळीला कोन येतं? दोन कुत्री."

*

चाचा कामाला लागला. कादवेच्या पात्रातून पाणी खाऊन गुळगुळीत झालेले गोटे आणले, ते हातोडीच्या जागी. घडवायला काळा पाषाण आणला, वाजवून वाजवून निवडलेला. इथवर सगळं बरोबर होतं. दगड निवडण्यात त्याला कुणी काय शिकवणार?

मग तो अंगणात उकिडवा बसला, पाषाण जमिनीवर मांडला आणि वरून गोटा घातला.

दगडाचे दोन तुकडे.

दुसरा घेतला. हळू ठोकला. नुसता भुगा पडला. जोरानं ठोकला, चार तुकडे. टाकी लावणाऱ्याचा हात तो. मार सरळ वरून खाली, दगडाच्या पोटात. पाट्याला तो मार ठिपका देतो. इथं तो दगडाचा जीवच घेत होता.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. अंगणात ढीग वाढत चालला.

"अजी, खडी तर पडली," नसीमचाची म्हणाली, "आता डांबर तेवढं आना. निदान मोरीपातुर रस्ता होईल."

विमलाबाई दळणाचा डबा घेऊन मुद्दाम त्या वाटेनं जायची. "चाचा, जमलं का वो?"

"जमतंय."

"माझ्या पाट्याला औंदा कोन टाकी लावनार त्ये आताच सांगून ठिवा. सटान्याला मान्सं हायेत म्हनं."

चाचा पुढचा दगड मांडायचा.

मॅडम अधूनमधून यायच्या. चंदरनं शेततळं थोडं बाजूला सरकवून त्यांना खणायला जागा दिली होती. तिथं त्या आणि त्यांची पोरं सुतळीचे चौकोन आखून, कुंच्यांनी, चमच्यांनी माती काढत बसायची. चंदर म्हणायचा, "ह्यांच्या गतीनं द्राक्षं लावली असती तर नातवानं खाल्ली असती." एकदा त्या चाचाच्या अंगणात आल्या, ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "चाचा, जमिनीवर नका ठेवू. एका हातात दगड मोकळा धरा आणि कडेला मारा. पुस्तकात तसंच दिलंय."

चाचानं गोटा खाली ठेवला. "बाई, तुमी शिकलेल्या. पन दगडाला खालून जमीन पायजे. हातात धरून दगड फोडतो त्यो अडानी. माझ्या बापाचं पहिलं वाक्य हाय ते."

"माझा अंगठा तसाच गेला, हेही खरंय," मॅडम म्हणाल्या आणि खड्ड्याकडं निघाल्या.

बापाचं वाक्य चाचानं सोडलं नाय. बागेतल्या द्राक्षांच्या मण्यांत पाणी भरलं तरी तो जमिनीवरच दगड फोडत होता.

एके सकाळी असाच एक दगड फुटला आणि त्याची पातळ कपची उडून त्याच्या पोटरीला लागून पलीकडं पडली. चाचाला काही कळलंच नाय. तो दुसरा दगड मांडत होता. चाची चहा घेऊन आली आणि ओरडली. पोटरीवरून रगत टाचेपर्यंत आलं होतं.

चाची हळद आणायला आत पळाली. परत येऊन बघते तर हा गडी ती कपची शोधून, हाताची बाही मागं सारून, मनगटावरचे केस भादरत बसलेला.

"अगं नसीम, धार पघ! न्हाव्याच्या वस्तऱ्याला नाय अशी. कापलं त्ये कळलं बी नाय!"

"पाय धर इकडं, वस्तऱ्या!"

टाकीचं काम दगडाला खरबरीत करायचं. उभ्या जन्मात त्यानं दगडाला धार आणली नव्हती, दगडात धार असते हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. ज्याला तो फोडलेला म्हणाला होता त्या दगडाच्या पोटात वस्तरा होता, आणि तो काढणारा कुणीतरी होता. नशिबानं उडालेली एक कपची वेगळी. हवी तिथून, हवी तेवढी, हव्या त्या वेळी काढायची हे वेगळं.

हळद लावलेला पाय ओढत तो चंदरच्या वावरात गेला.

*

खड्ड्यात तेव्हा मोठी गडबड होती. बारीक गाळ कुंच्यानं सारल्यावर खाली काळ्या-करड्या कपच्याच कपच्या उघड्या पडल्या होत्या, जिथल्या तिथं. नदीचा पूर हळू चढला असेल, गाळानं सगळं जसंच्या तसं झाकून टाकलं होतं.

"चाचा, या," मॅडम म्हणाल्या. "इथं बघा. काय दिसतं?"

चाचानं पाहिलं. कपच्यांचा सडा पडला होता, पण मधे दोन पट्टे मोकळे. फाकवलेल्या पायांसारखे.

"कुनी तरी बसलं व्हतं," तो म्हणाला.

"हो. मांड्या उघड्या टाकून. कपच्या मांडीवरून दोन्ही अंगाला पडल्या. जिथं पाय, तिथं जमीन कोरी."

चाचा त्या कोऱ्या जमिनीवर वाकला. बसणारा उकिडवा नव्हता. त्याच्या पुढ्यात दगड मांडायला जागाच नव्हती. दगड मांडीवर होता, हातात.

मॅडमनी मग दोन दगड त्याच्या हातात दिले. दोन्ही त्याच खड्ड्यातले. पहिला अर्धवट सोडलेला. त्याच्या कडेला एकाच जागी मार, पुन्हा मार, पुन्हा मार. कपची निघायच्या ऐवजी पायरीवर पायरी चढून तिथं गाठ बसली होती.

चाचाचं तोंड उतरलं. "ही माझी हाय," तो म्हणाला.

"काय तुमची?"

"चूक. अशीच्या अशी अंगनात पडलीय." आणि खरंच, लंगडत घरी जाऊन तो ढिगातला एक दगड घेऊन आला. दोन्ही शेजारी ठेवले. एक आत्ताचा, काळा कुळकुळीत. एक कोण जाणे कधीचा, करड्या सालीचा. गाठ तीच, जागा तीच. मार चुकला म्हणून चिडून पुन्हा त्याच जागी घातलेले ठोकेसुद्धा तेच.

चंदर वाकून बघत होता. "म्हंजे त्यांच्यात बी आपल्यासारखी हट्टी मान्सं व्हती म्हनायची."

"तू गप ऱ्हा," चाचा म्हणाला. "बाई, ह्यो दुसरा?"

दुसऱ्या दगडावरही तशीच गाठ होती. पण तिच्या मागल्या अंगानं एकच रुंद कपची निघाली होती, स्वच्छ, आणि जाताना गाठीचा मोठा लचका घेऊन गेली होती. तिथून पुढं दगड झकास घडत गेला होता.

"गाठ एकानं बसवली आणि दुसऱ्यानं काढली, असं आम्हाला वाटतं," मॅडम म्हणाल्या. "मारण्याची ढब वेगळी आहे. पण खात्रीनं नाही सांगता येणार."

"शिकनाऱ्याच्या हातनं दगड काढून घेतला कुनी तरी," चाचा म्हणाला. "'आन इकडं, असं नसतं.' माझा बाप असाच काढून घ्यायचा. वर एक टपली बी."

"टपली दगडात दिसत नाही चाचा."

"दिसत नाय, पन असनार."

मॅडम हसल्या. मग त्यांनी भिंग दिलं आणि कपचीच्या वरच्या काठावर बोट ठेवलं. "हे बघा. मार द्यायच्या आधी कड घासून घेतलीय. धारदार कडेवर मारलं तर ती चुरते, मार आत जात नाही. म्हणून आधी कड बोथट करायची. मला हे माहीत आहे, माझ्या हाताला माहीत नाही."

चाचानं भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. कडेवर बारीक बारीक ठिपके, ठिपक्याला लागून ठिपका.

"आरं तिच्या," तो म्हणाला. "आधी खरबरीत करायची! आवो बाई, ही तर टाकी हाय!"

तो तिथंच, खड्ड्याच्या काठावर, मांड्या फाकवून बसला. मॅडमचं गोणपाट घडी करून डाव्या मांडीवर घातलं. आपला काळा दगड हातात घेतला. जमिनीवर नाय, हातात, मोकळा. बापाचं वाक्य त्या दिवशी मोडलं. काठावर पडलेल्या गोट्यानं कड घासली, टाकी लावावी तशी हलक्या हातानं. मग कडेला, तिरका, एकच मार दिला.

आवाज निराळाच आला. इतके दिवस बद्द बद्द यायचा. हा काचेच्या ग्लासावर चमचा वाजावा तसा. गोणपाटावर कपची पडली, तळहाताएवढी, आणि गाठ तिच्या पाठीवर बसून आली.

चाचा असा हसला की पलीकडं बागेत घडांना कागद बांधणाऱ्या बाया काम सोडून बघायला लागल्या.

"उस्ताद कोन व्हता ठाव नाय," तो म्हणाला, "पन शिकवून गेला की वो!"

*

होळीपर्यंत त्याच्या हातून कोयीच्या आकाराचे दगड व्हायला लागले. पोटात जाड, एका अंगाला कललेले, पण व्हायला लागले. मॅडम येऊन बसायच्या, दोघं मिळून दगड खराब करायचे. त्यांच्या हातूनही कपची निघाली तेव्हा चाचानं त्यांना जिलबी खाऊ घातली.

उरसाच्या आधीच्या आठवड्यात मात्र पाटे आले नाहीत. एकही नाय. बाया थांबल्या होत्या. पैज हरला तर टाकी कुणाकडून लावायची, म्हणून अंदाज घेत होत्या. आपल्या अंगणात तो रिकामपणा चाचानं पाहिला आणि पुन्हा कपच्या काढायला बसला.

उरसाच्या दिवशी दर्ग्यापुढच्या चिंचेखाली सगळं गाव लोटलं. ताशे होते, पाळणे होते, खेळणीवाले होते, आणि दर साली येणारा भंगारवालाही होता, पोतं घेऊन. त्याला कुणीतरी बरोबर सांगून ठेवलं होतं. तो अगदी पुढं येऊन उभा होता.

नौशादनं बकरा हलाल केला. ते काम सुरीनंच झालं, त्यात कुणी खेळ करत नसतं. मग बकरा चिंचेच्या फांदीला उलटा टांगला, नौशाद मागं सरला आणि म्हणाला, "ये चाचा. सुरीला धार लावून ठिवलीय, लागली तर सांग."

चाचानं फडकं उलगडलं. आत चार-पाच पातळ कपच्या आणि एक मोठा घडीव दगड. हा त्याचा सगळ्यात चांगला. मॅडमनी कॉलेजात ठेवायला मागितला होता, उरूस झाल्यावर देतो म्हणाला होता.

पहिली कपची मागल्या पायाला लावली. कातडं लोण्यासारखं उघडलं. गर्दीतून "आँ!" असा आवाज गेला. चाचानं एक पाय सोडवला, दुसरा सोडवला, मूठ आत घालून कातडं खाली ओढत आला. कपची बोथट झाली की टाकायची, दुसरी घ्यायची. शेपटीपाशी तर त्यानं असं वळण घेतलं की म्हातारा रघुनाथ माळी मोठ्यानं "वाहवा" म्हणाला.

आणि पाठीवर काम अडलं. तिथं चरबी जाड. कपची सरकायला लागली. ती टाकली, शेवटची घेतली, तिचं टोक कटकन मोडलं. फडक्यात आता मोठ्या दगडाशिवाय काही नव्हतं.

लोखंडाची सवय नडली. सुरी एकदा लावली की बकरा होईस्तोवर पुरते. चाचानं तोच हिशेब धरून मोजक्या कपच्या आणल्या होत्या. दगडाची धार वस्तऱ्याची, पण आयुष्य थोडं. घरी अंगणात टोपलंभर पडल्या होत्या आणि इथं हातात एक नाय. आणायला कुणाला धाडावं तर तोवर बकरा गार पडून कातडं चिकटलं असतं. मोठ्या दगडानं हाड तुटलं असतं, पण कातड्याला भोक पडलं असतं.

ताशा थांबला. भंगारवाल्यानं पोत्याचं तोंड उघडलं.

नौशाद पुढं आला. चेष्टा नव्हती त्याच्या तोंडावर. त्यानं सुरी मुठीकडून पुढं केली आणि हळू आवाजात म्हणाला, "घे चाचा. झालं तेवढं लय झालं. कुनी काय म्हननार नाय. म्हनलंच तर मी हाय."

चाचानं सुरीकडं पाहिलं. ते टोमण्यापेक्षा जड होतं. टोमणा झिडकारता येतो. मग त्यानं दोन्ही हात चुलीच्या राखेत चोळले, पुसले, आणि चिंचेच्या बुडाशी मांड्या फाकवून बसला.

"काय करतोय ह्यो?" विमलाबाई म्हणाली.

मागून नसीमचाचीचा आवाज आला. "गप बसा की वो जरा! मार चुकंल त्याचा!"

चाचानं फडक्याची घडी मांडीवर घातली आणि तोच मोठा दगड, सगळ्यात चांगला, हातात धरला. बुडाशी पडलेला एक गोटा उचलून कड घासली. मारला. गोटा घामेजल्या हातातून निसटला, दगडाला नुसता चाटून गेला. गर्दीनं श्वास सोडला. चाचानं गोटा पुन्हा मातीत घोळला. कडेवरून अंगठा फिरवला, पाट्यावरून फिरवायचा तसा. अजून थोडी घासली. आणि तिरका मार दिला.

टिंग.

विड्याच्या पानाएवढी कपची फडक्यावर पडली. त्यानं ती उचलली देखील नव्हती, तोवर दुसरी काढली. मग तिसरी. तीन धारा, ताज्या, माणसांच्या डोळ्यांदेखत, दगडातून.

पुढं काय सांगायचं? पाठ सुटली, मान सुटली, कातडं पायघडीसारखं खाली आलं. उरलेल्या मोठ्या दगडानं चाचानं खुब्याचे सांधे फोडले, एक घाव एक सांधा. सगळं झाल्यावर नौशादनं ते कातडं उचललं आणि दोन्ही हातांनी उन्हात धरलं. सोलणाऱ्याची परीक्षा अशीच होते. सुरी घसरली असेल तिथून ऊन दिसतं. त्यानं मानेकडून शेपटीकडं बघत बघत नजर फिरवली. गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"एक भोक नाय!" नौशाद ओरडला. "आरं, एक बी भोक नाय! माझ्या सोललेल्याला पडत्यात!"

मग जे ताशे वाजले ते तिन्हीसांजेपर्यंत थांबले नाहीत. नौशादनं चाचाला खांद्यावर घ्यायचा घाट घातला, चाचा घसरला, दोघं धुळीत पडले आणि तसेच हसत बसले. रघुनाथ माळ्यानं चाचाला आपली टोपी घातली. भंगारवाला पोतं झटकत म्हणाला, "मंग चाचा, माझं पोतं रिकामंच जायचं का?"

"थांब!" चाचा भरात येऊन म्हणाला. "रिकामं कशाला जातंय? घरातला मिक्सर घिऊन जा!"

"मिक्सरला हात लावून बघा!" नसीमचाची गर्दीतून पुढं आली. "बकरा सोला नायतर हत्ती सोला, चटनी माझी मी वाटते. त्यो मिक्सर माझ्या पोरानं आनलाय."

मिक्सर राहिला. पण त्याच घटकेला मंगलाबाई गर्दीतून निघाली, घरी गेली आणि डोक्यावर पाटा घेऊन परत आली. तिच्या मागून दुसरी. तिच्या मागून विमलाबाई, पाटलीण असून स्वतः पाटा उचलून. मसाला वाटायचा खोळंबला होता. चाचानं पाटे चिंचेखाली मांडायला लावले, उरसाला आलेल्या इमरानला घरी पिटाळून बापाची हातोडी आणवली आणि रगताच्या हातानं, उकिडवा बसून, टाकी लावायला बसला. इमरान बाजूला उभा राहून बघत होता. खुर्चीचं पुन्हा त्यानं काढलं नाय. विमलाबाईचा पाटा चाचानं मुद्दाम शेवटाला घेतला.

रस्सा झक्क झाला होता. जेवायला बसलो तेव्हा मॅडम चाचाच्या शेजारी होत्या. चिंचेच्या बुडाशी कपच्यांचा सडा पडला होता आणि मधे चाचाच्या मांड्यांची जागा कोरी. कुणी झाडू लावू नका, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं आणि वर फोटोही काढले होते.

"चाचा, मी एक विचार करतेय," त्या म्हणाल्या. "त्या खड्ड्यातल्या शिकणाऱ्याला जेव्हा पहिला दगड जमला असेल, तेव्हा बाजूची माणसं त्याला काय म्हणाली असतील?"

चाचाच्या तोंडात नळी होती. त्यानं ती आधी नीट चोखली, ताटात ठेवली आणि मनगटानं तोंड पुसलं.

"काय म्हननार? 'बसू नको आता, मटन काप,' म्हनले असत्याल."